तारा कुणाच्या हातात?

[दृश्य: अंधारलेली वस्ती, मोबाइलचा उजेड]

‘आज स्टेज किती?’

२०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लोक भात टाकण्याआधी मोबाइलवर हे बघून घ्यायचे. एक स्टेज म्हणजे साधारण हजार मेगावॉटची कपात. सहावी स्टेज लागली की दिवसातून दोन-तीनदा वीज गुल, प्रत्येक वेळी दोन ते चार तास. त्या वर्षी तीनशेहून जास्त दिवस भारनियमन झालं. महाराष्ट्रात वाढलेल्याला यातलं काही समजावून सांगायला नको.

आणि या देशाच्या पोटात कोळशाला तोटा नाही. एस्कॉम ही सरकारी वीज कंपनी १९२३ पासूनची. देशातली बहुतांश वीज आजही कोळशाची, आणि बहुतेक केंद्रं पूर्वेकडच्या म्पुमालांगा प्रांतात, खाणींच्या उशाशी. १९९८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनं बजावलं होतं, की वेळीच सोय केली नाही तर २००७ च्या सुमारास वीज कमी पडेल. सोय केली नाही. जानेवारी २००८ मध्ये देश अंधारात गेला.

भरवसा होता मेदुपी आणि कुसिले या दोन नव्या, अवाढव्य कोळसा केंद्रांवर, प्रत्येकी सुमारे ४,८०० मेगावॉटच्या. दोन्ही वर्षानुवर्षं रखडली. मेदुपीच्या एका संचात तर २०२१ मध्ये स्फोटच झाला.

[दृश्य: पवनचक्क्या, मागे कोरडं माळरान]

दुसरी वाट २०११ मध्येच उघडली होती. सौर आणि पवन विजेसाठी सरकारनं खासगी कंपन्यांकडून निविदा मागवल्या, आणि फेरीगणिक दर उतरत गेले. तेवढ्यात एस्कॉमनं नव्या करारांवर सह्या करायचं थांबवलं. २७ प्रकल्प लटकले. सह्या झाल्या थेट एप्रिल २०१८ मध्ये.

कोळशाची केंद्रं एस्कॉमची, आणि वीज वाहून नेणाऱ्या ताराही एस्कॉमच्याच. शेजारच्याचा स्वस्त माल आपल्या दुकानात कोण मांडू देईल?

२०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी एस्कॉमचं त्रिभाजन जाहीर केलं: निर्मिती, पारेषण, वितरण. आपल्या वीज मंडळाचं २००५ मध्ये झालं तसंच. तिकडे वेगळी पारेषण कंपनी सुरू व्हायला मात्र जुलै २०२४ उजाडला, आणि सुरू झाली तीही एस्कॉमच्याच मालकीची. म्हणजे दुकान वेगळं, शेठ तोच.

लोक थांबले नाहीत. परवान्याशिवाय वीज तयार करण्याची मर्यादा २०२१ मध्ये एक मेगावॉटवरून शंभरवर नेली, जानेवारी २०२३ मध्ये ती काढूनच टाकली. कारखाने, मॉल, बंगले, सगळ्यांच्या छपरांवर पॅनेल चढली. अर्थात ज्यांना परवडलं त्यांच्या. २०२४ च्या मार्चअखेर भारनियमन थांबलं, ते जवळजवळ दहा महिने. त्यात या छपरांचा वाटा होता, तसा जुन्या संचांच्या दुरुस्तीचाही.

पण गाठ सुटली नाही, कारण ती तारांतच आहे. कडक ऊन वायव्येकडच्या नॉर्दर्न केप प्रांतात, चांगला वारा किनाऱ्याकडे, आणि जाडजूड वाहिन्या म्पुमालांगातून निघालेल्या. डिसेंबर २०२२ च्या निविदा फेरीत पवनऊर्जेचा एकही प्रकल्प निवडला गेला नाही, कारण केप प्रांतांतल्या वाहिन्यांत जागाच उरली नव्हती. आता दहा वर्षांत सुमारे १४,००० किलोमीटर नव्या वाहिन्या टाकायच्या आहेत.

[दृश्य: कोमातीच्या चिमण्या, धूर नाही]

म्पुमालांगातलं कोमाती हे कोळसा केंद्र १९६१ पासूनचं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला शेवटचा संच बंद झाला. त्याच्या आवारात सौर पॅनेल, पवनचक्क्या आणि बॅटऱ्या उभ्या करण्यासाठी जागतिक बँकेनं जवळपास ५० कोटी डॉलर मंजूर केले. एका शेडमध्ये मालवाहू कंटेनरात बसणारे छोटे सौरसंच जुळवायचं काम सुरू झालं. एस्कॉमच्या कायम कर्मचाऱ्यांना दुसरीकडे बदली मिळाली. कंत्राटी कामगाराला कोण बदली देणार? केंद्राच्या पगारावर जगणाऱ्या या गावात पर्यायी रोजगार आधी यायला हवा होता, संच नंतर बंद व्हायला हवा होता. झालं उलटं.

कोळसा केंद्रं बंद करायला विरोध करणाऱ्या कामगार संघटनांच्या हाती कोमातीचं हे उदाहरण आयतंच पडलं. याच प्रांतातली कॅम्डेन, ग्रूटव्लेई आणि हेंड्रिना ही जुनी केंद्रंही बंद व्हायच्या यादीत होती. आता ती २०३० पर्यंत चालवायची असं ठरलं आहे.