दुसऱ्या बाराची गोष्ट

(रत्नागिरीतील एका वाचनालयाच्या श्रावणातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘फ्लेअर पिस्तुलाची पारख : बांधणी आणि कामगिरी’ असा. तो वाचून आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी काल मला विचारले की, पिस्तूल नुसते दाखवणार आहात की उडवूनही दाखवणार आहात? फ्लेअर म्हणजे संकटाची खूण म्हणून आकाशात उडवायचा पेटता तारा. तो उडवणारे हे पिस्तूल मी नुसते दाखवणार आहे. एक तर संकटात नसताना संकटाची खूण करायला समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे, आणि दुसरे म्हणजे टेबलावरचे हे पिस्तूल नळीत आडवी सळई बसवून कायमचे निकामी केलेले आहे. तो सरावाचा नमुना आहे आणि माझ्या बोटीवरच्या नोकरीची आठवण म्हणून तो माझ्याकडे राहिला आहे.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ज्या यंत्रात एका वेळी एकच काडतूस बसते, त्याची खरी परीक्षा दुसऱ्या बाराच्या वेळी होते. पहिला बार कोणतेही पिस्तूल काढते, कारण ते दुकानातून भरवशाचे म्हणून आलेले असते, हात कोरडे असतात आणि नशीबही थोडेफार साथ देते. दुसऱ्या बाराला यातले काहीच उरत नाही.

यंत्र अगदी साधे आहे. आपल्याकडे शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक ज्यांच्या घरी असेल त्यांना तर ते पोरखेळच वाटेल. एक आखूड नळी, ती मोडून उघडण्याची बिजागरी, नळी बंद धरणारा खटका, अंगठ्याने मागे ओढायचा घोडा, चाप आणि काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवर आदळणारी टोचणी, एवढाच सगळा संसार. अमेरिकेच्या नौदलातील एडवर्ड व्हेरी या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये रंगीत तारे फेकणारे असे पिस्तूल प्रचारात आणले, म्हणून जुने खलाशी अजूनही याला व्हेरी पिस्तूल म्हणतात. माझ्या एका भाच्याला बरीच वर्षे वाटत होते की, व्हेरी पिस्तूल म्हणजे फारच पिस्तूल! मात्र श्रेय द्यायचे तर ते आधी मार्था कॉस्टन या बाईंना द्यायला हवे. दिवंगत पतीच्या अपुऱ्या टिपणांवरून त्यांनी रात्रीच्या खुणांची दारू सिद्ध केली आणि १८५९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्यांच्यावर बोलायचे तर एक स्वतंत्र व्याख्यान लागेल. आयोजकांनी पुढच्या वर्षी विचार करावा.

आता माझी तक्रार. फ्लेअर म्हटले की माणसे पहिला प्रश्न विचारतात, ‘किती उंच जातो?’ दिवाळीचा बाण विकत घेताना हा प्रश्न ठीक आहे. पिस्तुलाच्या खोक्यावरही उंचीचाच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. खटका ओल्या अंगठ्याने उघडतो की नाही, हे मात्र खोक्यावर कुठेच छापलेले नसते, आणि ते विचारणारा गिऱ्हाईकही मी पाहिलेला नाही. मी स्वतःही विचारले नसते. मला ती अक्कल आली १९९४ च्या हिवाळ्यात, उत्तर समुद्राकाठच्या एका बंदरात.

जीवरक्षक साधनांचे शिक्षण घेण्यासाठी आम्हा दहा-बाराजणांना तिथे पाठवले होते. त्यात मी होतो आणि आमच्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकीही होता. हा वेंगुर्ल्याकडचा, वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि थंडीचा कट्टर शत्रू. अंगावर तीन स्वेटर आणि डोक्याला मफलर, असा तो वर्गात बसायचा. प्रशिक्षक होते एक म्हातारे बोसन, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे मुकादम. त्यांनी मैदानावरच्या टेबलावर दोन पिस्तुले मांडली. एक पितळी, वजनदार, मुठीला दोरी ओवायची कडी असलेले, आणि दुसरे नारिंगी प्लास्टिकचे, नवे कोरे, हातात घेतले तर खेळण्यासारखे हलके. शेजारी एक बादली होती आणि बादलीत बर्फाचे पाणी. प्रत्येकाने दोन मिनिटे दोन्ही हात पाण्यात बुडवायचे, मग पिस्तूल उचलून भरायचे, बार काढायचा, नळी उघडून रिकामे पुंगळे काढायचे आणि दुसरा बार भरून काढायचा, अशी परीक्षा होती. घड्याळ बोसनसाहेबांच्या हातात.

भंडाऱ्याच्या वाट्याला प्लास्टिकचे पिस्तूल आले. दोन मिनिटांनी हात बाहेर काढले तेव्हा त्याची बोटे उकडलेल्या कोलंबीसारखी लाल झाली होती. त्या पिस्तुलाचा खटका म्हणजे अंगाशी सपाट बसवलेले एक लहानसे बटण होते. दिसायला देखणे, पण बधिर अंगठ्याला ते सापडेचना. आधी त्याने अंगठ्याने दाबले, मग तळहाताच्या टाचेने दाबले आणि शेवटी पिस्तूल पोटाशी धरून दाबले, तेव्हा कुठे ते उघडले. काडतूस आत गेले. घोडा ओढला, चाप दाबला. नुसती टिचकी वाजली. पुन्हा ओढला, पुन्हा टिचकी. अशा वेळी शिकवल्याप्रमाणे नळी समुद्राकडे धरून मिनिटभर थांबायचे असते. तो मिनिटभर थांबला, दातांचा ताशा वाजत होताच. तिसऱ्या खेपेला बार निघाला आणि लाल तारा ढगात गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बोसनसाहेब म्हणाले, “दुसरा.”

दुसऱ्या बारासाठी त्याने पिस्तूल उघडले, पुंगळे काढले, नवे काडतूस घातले आणि ते नीट बसले की नाही या शंकेने नळी पुन्हा उघडून पाहिली. बाराची नळी आकाशाकडेच ठेवायची, हे डोक्यात इतके पक्के बसलेले की त्याने ती आकाशाकडे धरूनच उघडली. नळीचे उघडे बूड अर्थातच जमिनीकडे झाले आणि काडतूस घसरून थेट बादलीत पडले. बर्फाच्या पाण्यात हात घालून ते शोधण्याची पाळी पुन्हा त्याच्यावरच आली. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “सायबा, ह्याच्यापरीस आमच्या बापाशीची ठासणीची बंदूक बरी, ती निदान उडता.”

बोसनसाहेबांनी ते भिजलेले काडतूस पुसले आणि त्याला तेच भरायला लावले. ते पहिल्या फटक्यात उडाले! काडतुसाचे तोंड आणि टोपीची कड लाखेसारख्या लेपाने पक्की बंद केलेली होती. म्हणजे काडतूस करणाऱ्याने आपले काम चोख केले होते आणि पिस्तूल करणाऱ्याने खटक्यात व घोड्याच्या स्प्रिंगमध्ये चार पैसे वाचवले होते. पितळी पिस्तुलाचा खटका आडवा, बोटभर लांब होता आणि मुठीच्या ठोशानेही उघडत होता. ते जड होते, कुरूप होते, आणि ज्यांच्या वाट्याला ते आले त्या सगळ्यांचे दोन्ही बार त्याने बिनतक्रार काढले. तरीही पितळ चांगले आणि प्लास्टिक वाईट, असा निष्कर्ष कृपया काढू नका. तो मीही काढला होता आणि आमच्या पडवीने तो खोटा ठरवला.

निवृत्तीनंतर मी भाट्याच्या बाजूला राहायला आलो. आमची पडवी पश्चिमेला उघडी आहे, त्यामुळे पावसाळ्यात दर्याची खार थेट घरात येते. एका वर्षी १ जूनला, म्हणजे मासेमारीची बंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेबलावरचा हा प्लास्टिकचा नमुना मी पडवीच्या वाशाला टांगला आणि नारळी पौर्णिमेला उतरवला. दर रविवारी त्यात एक खोटे काडतूस घालून घोडा पाडायचा, असा नेम ठेवला होता. टोपीच्या जागी मी शिशाची चकती बसवत असे. जाळ्याला लावायची शिशाची गोळी ठोकून सपाट केली की उत्तम चकती होते. टोचणीने तिच्यात पाडलेला खळगा मोजायचा आणि वहीत लिहायचा. घरच्यांनी या उद्योगाबद्दल जे मत व्यक्त केले ते मी संपादित करतो.

पहिल्या रविवारी खळगा एक मिलिमीटरहून थोडा खोल होता. शेवटच्या रविवारी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर उरला. प्लास्टिकला काहीही झाले नव्हते, ते लखलखीत नारिंगी होते. बिघाड त्याच्या पोटातल्या लोखंडात होता. घोडा ज्या आसावर फिरतो त्याला गंज धरला होता आणि टोचणीच्या भोकात मिठाची खपली बसली होती, त्यामुळे स्प्रिंगचा अर्धा जोर घर्षणातच खर्च होत होता. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पातळ तेल सोडल्यावर खळगा जवळजवळ पूर्वीइतका झाला. उत्तर समुद्राकाठी जी टिचकी ऐकली तिचे कारण थंडी नसून असाच एखादा आस असावा, असे मला आता वाटते. म्हणजे नळी कशाची आहे हे दुय्यम आहे. घोड्याचा आस, स्प्रिंग आणि टोचणी न गंजणाऱ्या पोलादाची आहेत का, आणि तिथवर पाणी व तेल पोहोचते का, ते पाहावे. पितळी पिस्तुलाच्या आतही आस लोखंडी असेल तर बाहेरच्या पितळेचा उपयोग फक्त कळंक चढायला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत म्हणतात, आणि कामगिरीचा भाग तर अजून सुरूच व्हायचा आहे. तेव्हा आता भराभर सांगतो.

उंचीचा हिशोब असा. उजेड किती मीटर उंच आहे त्याचे वर्गमूळ काढायचे आणि २.०८ ने गुणायचे, म्हणजे तो किती सागरी मैलांपर्यंत क्षितिजाच्या वर राहील ते कळते. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचा तसाच आकडा मिळवायचा. तांडेलाचा, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाचा, डोळा पाण्यापासून ४ मीटरवर धरू. हातात धरलेली बत्ती ३ मीटरवर असेल तर सुमारे ८ मैल, पिस्तुलाचा तारा १०० मीटरवर गेला तर २५ मैल, आणि ३०० मीटरवर जाऊन पॅराशूटला लटकत जळत उतरणाऱ्या पॅराशूट रॉकेटचे ४० मैल. उंची तिप्पट झाली, पण पल्ला दीडपटीच्या जरासाच पुढे गेला. शिवाय हा नुसता भूमितीचा पल्ला आहे, त्यातून पावसाळी हवा आपला वाटा कापून घेते.

खरा फरक वेळेचा आहे. मोठ्या जहाजांवरच्या पॅराशूट रॉकेटला आंतरराष्ट्रीय संहितेची अट अशी आहे की, ते किमान ३०० मीटर उंच जावे, ३०,००० कँडेलाच्या (कँडेला हे तेजाचे माप) तेजाने किमान ४० सेकंद जळावे आणि सेकंदाला ५ मीटरपेक्षा वेगाने खाली येऊ नये. गुणाकार करून पाहा : ४० सेकंदांत ते जास्तीत जास्त २०० मीटर उतरेल, म्हणजे विझतानाही ते १०० मीटरवर असेल. पिस्तुलाच्या साध्या काडतुसाला पॅराशूट नसते, त्याचा तारा सहा-सात सेकंदांत संपतो. मिरकरवाड्याहून सुटलेल्या ट्रॉलरवर तांडेल जाळे ओढण्याकडे लक्ष देऊन आहे, डेकवर झगझगीत दिवे आहेत, आणि आकाशात काहीतरी लाल चमकल्याचे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून वाटले. मान वळवीपर्यंत तारा गेला! भास झाला म्हणून तो सोडून देईल. थोड्याच वेळात दुसरा दिसला, तर मात्र तो दिशा धरेल. नियमातही लाल तारे ‘थोड्या थोड्या अंतराने एकेक’ सोडावेत असेच म्हटले आहे. म्हणून मी घड्याळ लावून या नमुन्यावर पुंगळे काढून नवे काडतूस भरण्याचा वेळ मोजला. कोरड्या हाताने १२ सेकंद लागले. बांगड्याच्या बुळबुळीत हाताने, तेही अंधारात, ३१. माझ्या मते पिस्तुलाच्या खोक्यावर छापायचा आकडा हा आहे.

काडतुसाबद्दल दोनच गोष्टी. तांबडा रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा आणि तेज मॅग्नेशियमचे. दोघांचेही दमटपणाशी हाडवैर आहे, म्हणून बुडाच्या पितळेवर हिरवा कळंक दिसला, अंग फुगलेले वाटले किंवा लेपाला तडा दिसला, तर तारीख शिल्लक असली तरी ते बाजूला काढावे. आणि काडतूस त्याच पिस्तुलासाठी केलेले असावे. १२ बोअरच्या, म्हणजे शिकारी बंदुकीच्याच मापाच्या, प्लास्टिक नळीत शिकारीचे काडतूस मापाने बसते, पण ती नळी त्या दाबासाठी केलेली नाही, ती हातातच फुटेल. कोकणात काही घरांत बंदुका असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो. मुदत संपलेले फ्लेअर लग्नात आणि थर्टी फर्स्टला उडवणाऱ्यांविषयी बोलायला मला वेळ उरलेला नाही, हे त्यांचे भाग्य.

दिवसाउजेडी लाल ताऱ्याचा प्रभाव फार कमी होतो, तिथे नारिंगी धूर हवा. ‘रामदास’ ही प्रवासी बोट १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसच्या वाटेवर बुडाली ती सकाळीच. सहाशेहून अधिक माणसे गेली आणि मुंबईला बातमी कळायला काही तास लागले. आज तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, बोटींवर संकटसंदेश पाठवणारी यंत्रे आली आहेत, आणि ती आधी वापरावीत. पिस्तूल त्यानंतरचे, शोधायला निघालेल्या माणसाला नेमकी जागा दाखवण्यासाठी. मात्र ते केबिनमधल्या पेटीत कुलूपबंद आणि किल्ली किनाऱ्यावर नाखव्याच्या, म्हणजे बोटीच्या मालकाच्या, कमरेला, अशी व्यवस्था मी याच बंदरात पाहिली आहे. त्या पिस्तुलाच्या बांधणीबद्दल कोणी माझे मत विचारू नये.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, तेव्हा थांबतो. बाहेर ओट्यावर मी एक बादली ठेवली आहे. तिच्यात मांडवीच्या जेट्टीवरून आणलेले पाणी आहे आणि सकाळच्या बाजारातले दोन बांगडे आहेत. ज्यांना खटका उघडून पाहायचा असेल त्यांनी आधी त्यात हात बुडवावेत आणि रांगेने यावे. घड्याळ माझ्याकडे आहे.