चावी कोणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लीत येणारा चावीवाला तुम्ही पाहिला असेल. रस्त्यातलं झाकण उघडून त्यानं दोन-चार आटे फिरवले की पाणी सुटायचं. खडकवासल्याचं पाणी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आपल्या नळाला येतं, ते अशा हातांनी. पण आता जगभर पंप, व्हॉल्व्ह, क्लोरीनची मात्रा संगणकावरून चालते. चावीची जागा पासवर्डनं घेतली आहे.

ऑस्ट्रेलियात मरूची नावाचा भाग आहे. तिथली मैलापाण्याची पंपिंग स्टेशनं रेडिओ संदेशांवर चालत. २००० साली ती विचित्र वागू लागली. पंप आपोआप बंद, धोक्याची सूचनाच नाही. अभियंते यंत्रातला बिघाड शोधत राहिले. यंत्र ठणठणीत होतं. ती बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला, नंतर तिथल्या पालिकेनं नोकरी नाकारलेला एक माणूस गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन हुकूम सोडत होता. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बागांत आणि ओढ्यांत गेलं. मासे मेले, पाणी काळं पडलं. त्याला दोन वर्षांची कैद झाली. माणूस गेला, पण त्याच्यासाठी दार उघडंच राहिलं होतं. मला हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेत अलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्यातलं एक यंत्र हल्लेखोरांनी ताब्यात घेतलं. असल्या यंत्रांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड होता चार वेळा एक! तिथल्या कर्मचाऱ्यांनी ते यंत्र बंद करून पंप हातानं चालवला, म्हणून पाणी थांबलं नाही. हातानं चालवायची सवय मोडू देऊ नका, असं मी पंपावरच्या प्रत्येकाला सांगतो.

आणि हे फक्त पालिकेचं काम नाही. आपल्या मोठ्या सोसायट्यांत स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असतो. अशाच एका ठिकाणी मी पॅनेलचं दार उघडलं, तर आतून चिकटपट्टी लावून पासवर्ड लिहिलेला. अक्षर जुन्या ठेकेदाराच्या माणसाचं. त्यानंतर दोन ठेकेदार बदलले होते. त्या जुन्या माणसाच्या मोबाईलवर आमच्या टाकीची पातळी अजून दिसत होती, हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. त्याच संध्याकाळी आम्ही पासवर्ड बदलला. तुमच्या पॅनेलचं दार आज एकदा उघडून बघा.