औषधानंतरचा कोळसा

(दृश्य : टाकीतील निळा प्रकाश, काचेवर आणि खडकावर विटकरी ठिपके)

काचेला चिकटलेले हे विटकरी ठिपके म्हणजे चपटे कृमी आहेत. माशांची आणि प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी मंडळी त्यांना फ्लॅटवर्म म्हणतात. लांबी काही मिलिमीटर, मागच्या बाजूला तीन बारीक टोके आणि अंगात वस्तीला असलेली सूक्ष्म शैवाले, ज्यांनी प्रकाशावर तयार केलेले अन्न कृमीच्याही उपयोगी पडते. कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेमा हे यातील एका परिचित जातीचे शास्त्रीय नाव आहे. तिच्या मागच्या टोकाला अंकुर फुटतो, त्या अंकुराचे डोके मूळ कृमीच्या डोक्याच्या उलट दिशेला असते, आणि अंकुर तुटून वेगळा झाला की नवा कृमी तयार होतो. जोडीदाराची गरज नसल्यामुळे एका कृमीपासूनही टाकी भरू शकते. मग पाण्यात औषध घालावे लागते आणि नंतर ते औषध कोळशाने काढून घ्यावे लागते. ही चित्रफीत त्या कोळशाची आहे.

ही टाकी बेळगावातील टिळकवाडीच्या एका घरात आहे आणि मामा व भाची मिळून ती सांभाळतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आणि गोव्याचा किनारा चोर्ला घाटाखाली, त्यामुळे येथे समुद्र घरीच तयार करावा लागतो. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांवर शहराची तहान भागते. तेच नळाचे पाणी आरओ यंत्रातून काढून त्यात समुद्री मीठ मिसळले जाते आणि क्षारता हजारात ३५ भागांपर्यंत आणली जाते. खडकावर दिसणारे झोअँथिड, मशरूम आणि लेदर हे सारे टाकी ठेवणाऱ्यांच्या भाषेत मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते या टाकीत नाहीत, आणि ते कोणाच्याही दिवाणखान्यात असू नयेत.

(दृश्य : झोअँथिडच्या मिटलेल्या तोंडांवर सरकणारे कृमी)

कृमी प्रवाळाला चावत नाहीत. ते त्याच्यावर पसरतात, आणि खालच्या प्रवाळाला प्रकाश मिळेनासा होतो. संख्या थोडी असेपर्यंत नळीने ओढून काढणे पुरते. येथे ती वेळ निघून गेली आहे. त्यामुळे औषध द्यायचे ठरले. औषध लेव्हामिसोल या जंतनाशकाच्या वर्गातील आहे. हे नाव सीमाभागातील मेंढपाळांना आणि गुरांच्या दवाखान्यात जाणाऱ्या शेतकऱ्यांना नवे नाही, कारण शेळ्यामेंढ्यांच्या पोटातील जंतांवर ते दीर्घकाळ वापरात आहे. मात्र जनावरांसाठीच्या बाटलीतील तीव्रता टाकीच्या हिशेबाची नसते. मत्स्यालयासाठी तयार केलेले औषध घ्यावे आणि मात्रा त्याच्याच पत्रकावरून मोजावी, एवढे सांगून हा विषय येथे थांबवतो, कारण या चित्रफितीचा विषय औषध नाही, औषधानंतर पाण्यात जाणारा कोळसा आहे.

(दृश्य : खानापूर तालुक्यातील एका आवारात करवंट्यांचा ढीग, लोखंडी पिंप, धूर)

बेळगावच्या बाजारात नारळाची खोबरी वाटी निघाली की करवंटी मागे उरते. पूर्वी ती बंबात जात असे. आता काही ठिकाणी तिचा कोळसा केला जातो. पिंपात करवंट्या रचून त्या पेटवतात आणि ज्वाळा वर आल्या की हवा कोंडतात. पुरेशी हवा न मिळाल्याने करवंटीची राख होत नाही. पाणी, डांबर आणि वायू निघून जातात आणि मूळ वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका कठीण, काळा, खणखणीत आवाज करणारा कोळसा हाती येतो. धुराचा रंग पांढरा असेतो आत ओल आहे असे हे कामगार मानतात आणि तो निळसर, विरळ झाल्यावर झाकण घट्ट करतात. ही पारख पिंपाशेजारी उभे राहूनच येते, म्हणून तिला येथे थोडा अधिक वेळ दिला आहे.

हा कोळसा मात्र टाकीत घालण्याजोगा नसतो. तो कारखान्यात जातो आणि तेथे सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावर वाफ सोडली जाते. वाफ कार्बनचा काही भाग खाऊन टाकते आणि उरलेल्या कणाच्या अंतर्भागात अब्जावधी सूक्ष्म छिद्रे तयार होतात. असा छिद्रमय कोळसा म्हणजे सक्रिय कार्बन, आणि टाकीत घालायचा कार्बन तो हाच. चांगल्या करवंटीच्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये या छिद्रांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन दडलेली असते. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू या भिंतींना येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात.

(दृश्य : संकेश्वर–निपाणी रस्त्यालगतचे उसाचे फड, कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या)

उसाच्या या पट्ट्याला कोळशाचा हा गुण परका वाटू नये, कारण कोळशाला उद्योगात मोठा मान मिळाला तो साखरेमुळे. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या योहान टोबियास लोव्हिट्झ यांनी १७८५ साली कोळशामुळे द्रावणांचा रंग नाहीसा होतो हे दाखवले. त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील साखर शुद्धीकरणात लाकडी कोळसा आला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात हाडांच्या कोळशाने ती जागा घेतली. लाल तापलेल्या कोळशावर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून त्याची शक्ती वाढवण्याची पद्धत राफाएल फॉन ऑस्ट्रेइको यांनी १९०० च्या सुमारास पेटंटद्वारे नोंदवली, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा कार्बन भरला गेला. रस स्वच्छ करणारा, विष अडवणारा हाच पदार्थ आज टाकीतील औषध काढायला वापरायचा आहे.

(दृश्य : भाची पिशवीतील जुना कार्बन बाहेर काढते)

पहिली पायरी कार्बन बाहेर काढण्याची आहे. तो आत राहिला तर औषध कृमीपर्यंत पुरेशा तीव्रतेने पोहोचण्याआधीच कोळशात जाऊन बसते आणि सारा खटाटोप वाया जातो. “मामा, स्किमर पण बंद ना?” असे भाची विचारते, आणि तेही बरोबर आहे, प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसावर पाण्यातील घाण बाहेर काढणारे यंत्र), अतिनील दिवा आणि ओझोन हे सारे औषध चालू असेपर्यंत थांबवायचे असते. पाण्याचा प्रवाह आणि हवा मात्र चालूच ठेवावी लागते.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. औषध घालण्याआधी बारीक नळीने जितके कृमी ओढता येतील तितके ओढून काढायचे. मरताना या कृमींच्या शरीरातून माशांना घातक अशी द्रव्ये पाण्यात सुटतात. औषध योग्य मात्रेत माशांना सहन होत असले, तरी हजारो कृमी एकदम मेल्यावर सुटणारे विष सहन होईलच असे नाही. जिवंत कृमी जितका बाहेर गेला तितके विष कमी.

(दृश्य : बादलीत कार्बन धुताना काळे होणारे पाणी)

औषधाची बाटली उघडण्याआधी नवा कार्बन धुऊन, पिशवीत भरून टाकीशेजारी तयार ठेवला गेला, आणि या चित्रफितीत आग्रहाने सांगण्यासारखी बाब हीच आहे. दुकान बंद झाल्यावर, रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्यावर कार्बन मिळत नाही. याच टाकीत मागील उपचाराच्या वेळी तो उशिरा पडला आणि दोन मासे दगावले.

कार्बन आरओच्या पाण्यात, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावा. त्याची भुकटी टाकीत फिरणे बरे नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात लिग्नाइट या तपकिरी दगडी कोळशाच्या कार्बनबरोबर ठेवलेल्या सर्जनफिश माशांच्या डोक्यावर आणि अंगाच्या बाजूच्या रेषेवर तीव्र झीज दिसली. कठीण, गोळीच्या रूपातील कार्बनच्या टाक्यांत ती तुलनेने सौम्य होती. करवंटीचा कार्बन कठीण असल्यामुळे भुकटी कमी होते, तरी धुण्यावाचून सुटका नाही.

(दृश्य : कृमी गळून प्रवाहात वाहू लागतात, मामा नळीने ते ओढून घेतात)

औषधाचा परिणाम दिसू लागल्यावर नळी पुन्हा हातात घेतली जाते. पत्रकावरील वेळ पूर्ण होताच कार्बनची पिशवी सम्पमध्ये, म्हणजे गाळणीची यंत्रे असलेल्या जोडटाकीत, अशा जागी ठेवली जाते, जिथे पाणी तिच्या बाजूने निसटण्याऐवजी तिच्यातून जाते. मासे त्रासलेले दिसले तर वेळ पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते. कार्बन लगेच घालून पाणी बदलायला घ्यावे. स्किमर पुन्हा सुरू होतो आणि आधीच मिसळून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने टाकीतील सुमारे पाव हिस्सा पाणी बदलले जाते.

येथे कार्बनची मर्यादाही सांगायला हवी. कुजणाऱ्या कृमींपासून होणारा अमोनिया तो धरत नाही, नायट्रेटही धरत नाही. त्यासाठी नळी, पाण्याची अदलाबदल आणि खडकातील जिवाणू यांच्यावरच विसंबावे लागते. दुसरे असे की, तो पाण्यातील पिवळसर छटाही काढून घेतो आणि टाकी एकाएकी लख्ख होते. महिनोन्‌महिने पिवळसर पाण्यात वाढलेल्या प्रवाळावर मग नेहमीच्याच दिव्याचा प्रखर प्रकाश पडतो, म्हणून मामांनी पुढील काही दिवस दिव्याची तीव्रता उतरवून ठेवली आहे.

(दृश्य : कार्बनची दुसरी, अजून न वापरलेली पिशवी)

औषध शोषलेली पहिली पिशवी दुसऱ्या दिवशी बाहेर काढली जाते आणि तिच्या जागी ताजी पिशवी ठेवली जाते. वापरलेला कार्बन धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण घरच्या नळाखाली ती छिद्रे रिकामी होत नाहीत. खडकाच्या फटींत वाचलेल्या कृमींसाठी साधारण आठवड्याने औषधाची दुसरी फेरी घ्यायची आहे. तिच्या सकाळी ही ताजी पिशवीही बाहेर येईल, आणि त्या फेरीपुरता कार्बन आताच वजन करून बरणीत भरून ठेवला आहे.