दोन शब्दांमागचं बोलणं

पत्र एकाच पानाचं. मजकुराच्या वर, ठळक अक्षरांत दोन शब्द: ‘विदाउट प्रिज्युडिस’. आमच्या हक्कांना बाध न येता. खाली लिहिलंय, दाव्यातली निम्मी रक्कम द्यायला तयार आहोत, प्रकरण मिटवू या.

उद्या हेच पत्र न्यायाधीशांपुढे ठेवलं, तर समोरचा वकील काय म्हणेल? निम्मे देतो म्हणाले, म्हणजे देणं लागतात हे मान्यच केलं! ही धास्ती असेल, तर पहिला आकडा उच्चारायला कोणीच धजावणार नाही. आणि माणूस तडजोडीला तयार होतो तो काही दरवेळी चूक झाली म्हणून नाही. कोणाला खर्च झेपत नाही, कोणी तारखांना कंटाळलेला असतो, तर कोणाला भावाशी बोलणं पुन्हा सुरू करायचं असतं.

म्हणून कायद्याने या बोलण्यावर पडदा टाकला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम २३ सांगत होतं: पुरावा म्हणून वापरायची नाही अशा अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात चालणार नाही. नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. अमेरिकेत हेच काम फेडरल पुरावा नियमांतला नियम ४०८ करतो.

मध्यस्थीत तर पडदा आणखी जाड. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं, की बोलणी फिसकटली तर मध्यस्थाने न्यायालयाला एवढंच कळवावं: मध्यस्थी अयशस्वी. कोण किती खाली उतरलं, कोणाचा आवाज भरून आला, यातलं अक्षरही त्या कागदावर येत नाही.

पण नुसता मथळा छापून भागत नाही. पत्रात तडजोडीचा प्रयत्नच नसेल, तर ते दोन शब्द कुचकामी. आधीपासून असलेला करारनामा किंवा हिशेबाची वही बैठकीत टेबलावर ठेवली, म्हणून ती गुपित होत नाही. झाकलं जातं ते बोलणं. घडलेली गोष्ट नव्हे. आणि तडजोड ठरली होती की नव्हती, यावरच वाद पेटला, तर न्यायालयाला पडदा सारून पाहावंच लागतं.

इंग्लंडमध्ये १९७५ च्या एका निकालापासून त्या मथळ्याला एक शेपूट जोडता येतं: ‘खर्चाचा प्रश्न वगळून’. असं पत्र निकालापर्यंत बंदच राहतं. निकाल लागला, दाव्याचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवायची वेळ आली, की ते उघडतात. मिळालेल्या रकमेशेजारी तेव्हा देऊ केलेली रक्कम ठेवून पाहतात.