पाग टाकायच्या आधी

(दृश्य: कर्ली नदीची खाडी, देवबागच्या आतल्या बाजूला. कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस, खांद्यावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. काठावर दहा-अकरा वर्षांचं पोर, हातात रिकामी बालदी.)

हवेत उघडणारं जाळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हात फिरतो, पाग थाळीसारखा पसरतो, पाण्यावर गोल पडतो. सिंधुदुर्गातल्या मच्छीमार घरांत ही फेक पोराला सगळ्यात शेवटी शिकवतात. त्याआधी बालदी धरायची, जाळं विणायच्या सुईत दोरा भरायचा आणि पाणी बघायचं. यात दोन पावसाळे सहज निघून जातात.

(दृश्य: पडवी. खुंटीला शेंडीपासून टांगलेला पाग, खाली आजोबा.)

पाग विणतात वरून खाली. टोकाला शेंडी, तिथून फेरी घेत खाली यायचं, ठरावीक फेऱ्यांनी आस, म्हणजे जाळ्याची भोकं, वाढवत जायचे, म्हणजे खाली घेर येतो. आसाचं माप ठरतं पट्टीवर. १५ मिलिमीटर रुंदीची बांबूची पट्टी घेतली, तर ताणलेला आस सुमारे ३० मिलिमीटरचा येतो. बोय-शेवट्यांसारख्या माशांना तो चालतो, आणि अगदी बारकी पिल्लं त्यातून निसटून जातात. कोळंबीचा पाग याहून बारीक आसाचा. खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, आणि ही कड आत दुमडून वीत-वीत अंतरावर बांधलेली असते. त्यातून खिसे तयार होतात. घाबरलेला मासा खाली घुसतो आणि या खिशात अडकतो. खिशांचे दोरे तुटले असतील, तर कितीही सुंदर फेक करा, मासा कडेखालून निघून जातो.

पोराचं पहिलं काम सुई भरायचं, दुसरं तुणायचं, म्हणजे फाटलेलं जाळं सांधायचं. फाटलेल्या जागी नुसत्या गाठी मारल्या तर जाळं तिथे आखडतं, आणि फेकताना पाग त्याच बाजूने मिटतो. म्हणून भोक आधी कापून मोठं करायचं. गाठीतून निघणारा प्रत्येक दोरा म्हणजे तिचा पाय. सुरुवात तीन पाय उरलेल्या गाठीवरून, शेवटही तशाच गाठीवर. मधल्या गाठींना दोन-दोनच पाय राहतील असं कापायचं. हे कापणं जमलं की तुणणं अवघड नाही. पूर्वी सुताचे पाग असत, ते कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. नायलॉन कुजत नाही, पण उन्हाने कडक होऊन तुटतं, म्हणून वाळवायचं सावलीत.

(दृश्य: भिंतीवर कॅलेंडर. तिथीवर टेकलेलं बोट.)

पाण्याचा हिशोब तिथीवर चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने ओहोटी. रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा गुणाकार जुळतो. खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा पोहोचतं; तो उशीर प्रत्येक घराला आपल्या जागेपुरता पाठ असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते, आणि शिकणाऱ्याला पाण्यात उतरवायचे दिवस हेच.

उतरायचं भरती चढत असताना. मासा चढत्या पाण्याबरोबर उथळावर चरायला येतो हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: चढत्या पाण्यात पाय सुटला तर पाणी आत ढकलतं, सुकतीला, म्हणजे पाणी उतरताना, सुटला तर खाडीच्या मुखाकडे ओढतं. मात्र भरतीतही मागे बघत राहावं लागतं. आपण ज्या पुळणीवर उभे असतो, तिच्या आणि काठाच्या मध्ये पाणी आधी भरतं.

(दृश्य: ओहोटी. चिखलात वाकलेल्या दोन बायका, बरोबर लहान मुलगी.)

खाडीचा तळ मात्र आजी आणि आई शिकवतात. तिसरे, म्हणजे शिंपल्यातले जीव, काढताना वाळूमिश्रित चिखलावर जोडीने पडलेली बारीक भोकं शोधायची आणि तिथे चार बोटं खाली उकरायचं. रेव कुठे, पाय रुतणारा चिखल कुठे, कालवांचा धारदार खडक कुठे, हे सगळं पायांना ओहोटीत कळतं. तीच जागा भरतीत झाकली गेली की पाग कुठे टाकायचा नाही ते आपोआप समजतं. कालवांवर पडलेला पाग एका ओढीत फाटतो. या शिक्षणाला कोणी मासेमारी म्हणत नाही. खरं तर अर्धी मासेमारी हीच.

(दृश्य: कोरडी वाळू. मध्ये एक करवंटी. पोर, हातात लहान पाग.)

आता फेक. मोठ्या माणसाचा पाग आठ-नऊ हात लांब आणि ओला झाला की चांगलाच जड. पोराला पाच हातांचा पुरे. शर्ट काढायचा, निदान बटणाचा नको. बटणात आस अडकला तर पागाबरोबर माणूसही पाण्यात ओढला जातो. दोरीचा फास डाव्या मनगटात, पण झटक्यात निघेल इतका सैल. दोरीची वेटोळी डाव्या हातात, त्यावर जाळ्याचा वरचा भाग. कडेचा साधारण तिसरा हिस्सा डाव्या कोपरावर टाकायचा. उरलेली कड उजव्या हातात, आणि मधली एक जागा दातात. दातात गोळी धरायची नाही, गोळीच्या वरचं जाळं धरायचं. शिसं विषारी असतं, आणि तोंड उघडायला क्षणभर उशीर झाला तर दात जातो.

मग कंबर डावीकडे वळवायची आणि सगळं अंग उजवीकडे फिरवायचं. जोर खांद्यातून लावला की पाग लांब जातो, पण उघडत नाही. तो उघडतो कमरेच्या गिरकीने. आधी उजवा हात सुटतो, मग दात, शेवटी कोपर. वाळूवर पडलेला पाग चूक स्पष्ट दाखवतो. केळ्यासारखा लांबट पडला, तर हात उशिरा सुटला. एका बाजूला गोळ्यांचा ढीग झाला, तर वाटणी चुकली. मधे पीळ दिसला, तर उचलण्याआधी कड झटकून सुटी केली नव्हती. करवंटी दहापैकी सात वेळा पागाखाली आली की पाण्यात.

(दृश्य: उथळ पाणी, सूर्य समोर.)

शिकवणारा पोराला सांगतो, “आदी पानी बघ, मगे पाग उचल.”

सूर्य तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपली सावली मागे पडते. बोयांचा थवा असेल तिथे पाण्यावर बारीक सुरकुती उठते, वाऱ्याने उठलेल्या लाटांशी न जुळणारी. थवा जिथे दिसतो तिथे नाही, जिकडे चाललाय त्याच्या हातभर पुढे टाकायचं. पाय उचलून चालायचं नाही, घासत सरकायचं. वाळूत पाकट, हा चपटा मासा, लपलेलं असतं. पाय घासत आला तर ते बाजूला होतं, वरून पडला तर शेपटीचा काटा मारतं.

पाणी पागाच्या लांबीहून खोल असेल तर टाकू नये. गोळ्या तळाला टेकायच्या आधीच घेर मिटतो. टाकल्यावर घाई नको. गोळ्या टेकल्या की दोरी किंचित सैल पडते. मग सरळ, संथ ओढायचं. झटका दिला की कड उचलली जाते, आणि सगळा थवा त्या फटीतून जातो. शिकाऊ हातांची सगळ्यात जास्त मासळी इथेच जाते, फेकताना नाही.

वर आलेल्या पागात आधी शिंगाळा हा काटेरी मासा शोधायचा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे, विषारी. जाळ्यातून सोडवायचा तो काट्यांच्या मागून धरून. काटा लागलाच, तर जागा धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची, त्याने ठणका उतरतो. काट्याचा तुकडा आत राहिला किंवा सूज चढत गेली तर दवाखाना.

(दृश्य: पडवी, संध्याकाळ.)

पाग गोड्या पाण्यात खंगाळून, शेंडीला धरून टांगायचा. माशाचा वास राहिला तर रात्री उंदीर येऊन कुरतडतात. टांगल्यावर पोर कडेने एक फेरी घेतं आणि बोटांनी खिसे चाचपतं. आज तीन दोरे सुटलेत, एक गोळी कमी आहे. आजोबा रिकामी सुई त्याच्याकडे सरकवतात.