प्रशासक राज: नगरसेवक नसलेली वर्षं

[दृश्य: मुंबई महापालिका मुख्यालय, पहाटे]

7 मार्च 2022. मुंबईत त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या.

बोरीबंदरसमोरच्या या इमारतीत 227 नगरसेवकांची मुदत संपली. आणि इथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, विधान भवनात, प्रभागांच्या हद्दी आखण्याचे, म्हणजे प्रभागरचनेचे, अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे देणारी विधेयकं मंजूर झाली. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांच्या एकमताने. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका बाकावर होते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचं सगळं तिच्यातून निघतं.

मुंबईच्या आगेमागेच ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याही मुदती संपल्या. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार तर 2020 पासूनच प्रशासकाकडे, म्हणजे नगरसेवकांऐवजी कारभार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, होत्या. तिथे सुरुवातीला कारण होतं कोरोनाचं, आणि ते खरंही होतं. कोरोना ओसरला, प्रशासक राहिले. इचलकरंजी आणि जालना या महापालिका जन्मल्याच प्रशासकाच्या मांडीवर. 2023 संपता संपता राज्यातली एकही महापालिका अशी उरली नाही, जिच्या सभागृहात निवडून आलेला माणूस बसला होता. बहुतेक जिल्हा परिषदांचंही तेच.

राज्यघटना याबाबत काय म्हणते? कलम 243-यू. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. हे कलम आलं 74व्या घटनादुरुस्तीने, 1993 मध्ये, कारण त्याआधी राज्य सरकारं पालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं तशाच ठेवत. म्हणजे रोग माहीत होता आणि औषधही शोधलं होतं. पण औषध दिलं नाही तर काय, याचं उत्तर त्या कलमात नाही. निवडणूक लांबवणाऱ्या सरकारला दंड नाही की शिक्षा नाही.

मग निवडणुका अडल्या कशावर? विचाराल त्याला एकच उत्तर मिळे: कोर्टात आहे.

हे अर्धं खरं. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या: याच कामासाठी नेमलेला समर्पित आयोग, त्याने गोळा केलेली आकडेवारी आणि एकूण पन्नास टक्क्यांची मर्यादा. राज्याकडे आकडेवारी नव्हती. ती जमवायला बांठिया आयोग नेमला गेला, जुलै 2022 मध्ये त्याचा अहवाल न्यायालयाने मान्य केला. ओबीसींचं प्रतिनिधित्व हा प्रश्न खराच होता, तो सोडवायलाच हवा होता. पण अहवाल मान्य झाल्यावर तरी वाट मोकळी व्हायला हवी होती की नाही?

झालं भलतंच. मुंबईतल्या जागा आघाडी सरकारने 227 वरून 236 केल्या होत्या. ते सरकार पडलं, नवं आलं, त्याने पुन्हा 227 केल्या. बाकीच्या शहरांत एका प्रभागातून किती नगरसेवक, यावर वेगळाच खेळ. पुण्यात 2012 ला दोन होते, 2017 ला चार. मग ठरलं एक. मग तीन. मग पुन्हा चार. दर बदलाबरोबर नकाशे नवे, हरकती नव्या आणि याचिकाही नव्या. आता आठवा ती 7 मार्चची विधेयकं. प्रभागाच्या रेषा ओढायची पेन्सिल ज्याच्या हाती, वेळापत्रकही त्याच्याच हाती. पुढे तारखा पडत गेल्या आणि तीन वर्षं घोंगडं भिजत राहिलं.

[दृश्य: अर्थसंकल्पाच्या प्रती, रिकामं सभागृह]

या काळात पालिका बंद होत्या का? छे. पालिका जोरात चालू होत्या. मुंबई महापालिकेचा 2022-23 चा अर्थसंकल्प साधारण 46 हजार कोटींचा; 2025-26 चा 74 हजार कोटींच्या वर. देशातली कित्येक राज्यं एवढा खर्च करत नाहीत. आणि तो मंजूर कसा होत होता? एरवी आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, स्थायी समिती तो फाडून काढते, मग सभागृहात दिवसच्या दिवस भाषणं होतात. त्यातली निम्मी कंटाळवाणी असतात, हे कबूल. पण एखादा नगरसेवक उठून हरकतीचा मुद्दा घेतो आणि विचारतो, माझ्या प्रभागातल्या नाल्याचे पैसे गेले कुठे? आता आयुक्तच प्रशासक झाले; स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सगळ्या नगरसेवकांच्या महासभेचेही त्यांच्याकडे. प्रस्ताव त्यांच्याच प्रशासनाचा, मंजुरी त्यांचीच सही. हरकतीचा मुद्दा घ्यायला समोर खुर्च्या होत्या, माणसं नव्हती.

मुंबईने हे याआधी पाहिलं होतं 1984-85 मध्ये, तेही जेमतेम वर्षभर. या खेपेला जवळजवळ चार वर्षं.

पोकळी मात्र पोकळी राहत नाही. जुलै 2023 मध्ये मुंबई उपनगरच्या पालकमंत्र्यांचं कार्यालय थेट महापालिका मुख्यालयातच सुरू झालं. गल्लीतल्या गटाराचा प्रश्न मंत्र्याच्या टेबलावर गेला. लोकांना हे सोयीचंही वाटलं असेल, मंत्र्याचं वजन आयुक्तांवर जास्त. पण मंत्र्याला निवडून दिलंय राज्य चालवायला. गटार तुंबलं म्हणून त्याला पुढच्या निवडणुकीत कोण घरी बसवणार?

आणि सामान्य माणूस? तो गेला माजी नगरसेवकाकडे. फलकांवर ‘माजी’ हा शब्द बारीक अक्षरात आणि ‘नगरसेवक’ ठळक, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. माजीने फोन केला, वॉर्ड ऑफिसमधल्या इंजिनिअरने उचलला तर उचलला. नाहीतर अ‍ॅपवर तक्रार टाका. दोन दिवसांनी मेसेज येतो, तक्रार निकाली काढली. खड्डा तिथेच असतो.

गावाकडे अंतर आणखी लांबलं. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गावाला जोडणारे रस्ते, पाणी योजना हे जिल्हा परिषदेचं खातं. तिथला सदस्य म्हणजे तालुक्यात भेटणारा माणूस, लग्नात, बाजारात, दहाव्याला गाठ पडणारा. तो गेला आणि प्रशासक म्हणून उरले मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्ह्याच्या गावी. शाळेच्या गळक्या छपरासाठी कामधंदा सोडून तिथवर कोण जाणार?

आता न आवडणारी गोष्टही बोलू. हे सगळं चालू असताना निवडणूक घ्या म्हणून गल्ल्या काही पेटल्या नाहीत. पक्षांनी मोर्चे काढले, काही नागरिक न्यायालयात गेले. पण चहाच्या टपरीवर ऐकू यायचं ते वेगळंच: बरं झालं, टक्केवारीवाले गेले. लोकांना राग होता, तो नगरसेवक नाही याचा नव्हता. होता तेव्हा तो काय करायचा, याचा होता. म्हणून तर पालिका लोकांच्या हातून गेली आणि लोकांना चुकल्यासारखं वाटलं नाही. सरकारांनी या उदासीनतेचा हिशेब बरोबर मांडला होता.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. चार महिन्यांत काही झालं नाही. मुदत वाढून 31 जानेवारी 2026 झाली. अखेर 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान झालं. संभाजीनगरच्या मतदाराने याआधी महापालिकेचं बटण दाबलं होतं एप्रिल 2015 मध्ये. तेव्हा आठवीत असलेली पोरं आता नोकरीला लागली.

[दृश्य: प्रभागाचा नकाशा, हद्दीच्या रेषा]

सभागृहं भरली. प्रश्न नगरसेवकांच्या येण्याने सुटतात का? मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार नगरसेवक आहेत. पाणी आलं नाही तर चौघांपैकी विचारायचं कुणाला? चौघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. महापौराला गाडी आणि मान आहे, कारभाराचा अधिकार आयुक्तांकडे आहे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. ही रचना मुंबईच्या 1888 च्या कायद्यापासून चालत आलीय. मतदारांनी आपल्या भागाचे प्रश्न स्वतः ठरवावेत म्हणून क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आहे. तुमच्या भागात ती कधी भरली होती, शेजाऱ्यांना विचारून पाहा.

सुधारणा म्हणून मोठमोठ्या गोष्टी सांगता येतील. मला दोनच पुरेशा वाटतात. प्रभागाच्या रेषा सरकारने ओढायच्या नाहीत, त्या निवडणूक आयोगाकडे परत द्यायच्या. आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी जी रचना, जे आरक्षण कायद्यात असेल, त्यावरच निवडणूक लागायची. नवं काही करायचं असेल तर ते पुढच्या खेपेला. न्यायालयाने 2006 मध्येच बजावलं होतं, की प्रभागरचना अपुरी आहे ही सबब चालणार नाही. पण ते निकालपत्रात आहे, कायद्यात नाही.

2027 मध्ये जनगणना आहे. लोकसंख्येचे नवे आकडे येतील, त्यानुसार जागा बदलतील, प्रभागांच्या हद्दी पुन्हा आखाव्या लागतील. आत्ता निवडून आलेल्या सभागृहांची मुदत संपेल 2031 च्या सुरुवातीला. 7 मार्च 2022 ला एकमताने झालेली ती दुरुस्ती मागे घेऊ, असं सत्तेतला किंवा विरोधातला पक्ष म्हणाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.