तपासणी झाली, पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

कॅन्सरच्या तपासणीचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मला काही होत नाही, मग मी कशाला जाऊ? प्रश्न रास्त आहे. आपण डॉक्टरकडे जातो ते दुखतंय, खुपतंय म्हणून. आणि इथे कुणीतरी दारात येऊन सांगतं की तुम्हाला काही होत नाहीये ना, मग तुम्हीच या. हे पटायला वेळ लागतो. म्हणून आज आधी ह्याच प्रश्नाचं उत्तर देते. मग ज्यासाठी मी मुद्दाम बोलायला आले आहे तिकडे वळते, म्हणजे तपासणी झाल्यानंतरच्या दिवसांकडे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर घ्या. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणून बायका त्याला ओळखतात. त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू अगदी सर्रास आढळतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काही जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. एवढ्या काळात बाईला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, अंगावरून जात नाही, थकवा येत नाही. जाणवायला लागतं, म्हणजे संबंधानंतर रक्त दिसतं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग पडतात, तोवर बराच उशीर झालेला असू शकतो.

ह्या दहा-पंधरा वर्षांत कुणी वेळेवर पाहिलं, तर तो बदललेला भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. काही मिनिटांचं काम असतं. बहुतेकींना पूर्ण भूल लागत नाही, दाखल व्हावं लागत नाही, पिशवी काढावी लागत नाही. आणि कॅन्सर होण्याच्या आधीच त्याची वाट बंद होते. काही होत नसताना का जायचं, त्याचं उत्तर हे आहे.

ही तपासणी कशी करतात तेही सांगते, कारण निम्मी भीती न पाहिलेल्या गोष्टीची असते. एका पद्धतीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिडचं, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावतात आणि मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा दिसतो. दुसरी पद्धत पॅप तपासणीची, त्यात पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरी आणि सध्या जागतिक आरोग्य संघटना जिला पहिली पसंती देते ती एचपीव्ही तपासणी. तिचा नमुना आता बाईला स्वतःचा स्वतः, पडद्याआड जाऊन घेता येतो. ज्या बायका केवळ संकोचामुळे आल्या नाहीत, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि आपल्या भागात ती मिळते का हे प्रत्येकीने विचारायला हवं. तिसाव्या वर्षापासून सुरुवात करायची आणि एचपीव्ही तपासणी असेल तर पाच ते दहा वर्षांनी एकदा पुन्हा करायची, असा संघटनेचा सर्वसाधारण सल्ला आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी पंचविसाव्या वर्षापासून आणि जास्त वेळा करायची.

तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तर याहून साधी. चांगला उजेड, हातमोजे घातलेला हात आणि शिकलेली नजर. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तोंड पूर्वीएवढं उघडतं का, हे पाहायचं. तंबाखू कुठल्याही रूपात घेणाऱ्यांनी आणि दारू पिणाऱ्यांनी ही तपासणी टाळूच नये. पुरुष श्रोत्यांना मी हे मुद्दाम सांगते आहे. कॅन्सरची तपासणी म्हणजे बायकांचं काहीतरी, अशी समजूत करून घेऊन पुरुष बाहेर बाकावर बसून राहतात, आणि त्यांच्याच तोंडात चट्टा असतो.

स्तनाच्या कॅन्सरबाबत एक गोष्ट वारंवार सांगावी लागते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई ती अंगावर काढते. उलट बाजूही तेवढीच खरी आहे: हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कोणती कशाची हे घरात बसून ठरत नाही.

आता हे सगळं आपल्यासारख्या वस्त्यांमध्ये जमतं का? ह्याचा जगाला मिळालेला सगळ्यात भक्कम पुरावा मराठी मुलखातूनच आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. आठ वर्षांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात पुढच्या पायरीवर गेलेले कॅन्सर आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. एकदाच केलेली तपासणी! आज जगभर एचपीव्ही तपासणीवर जो भर दिला जातो, त्यामागे ह्या खेड्यांतल्या बायकांचा वाटा आहे, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये असाच अभ्यास केला. तिथे द्रावण लावून तपासण्याचं काम डॉक्टरांनी केलं नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन त्यांनी ते केलं, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिरुवनंतपुरमला आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं तपासली. तिथे तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. मोठं रुग्णालय शेजारी नसतानाही जीव वाचले, ते बोलावणारा माणूस ओळखीचा होता म्हणून. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही तपासणीसाठी बोलावलेल्या दर दहा बायकांपैकी आठ जणी आल्या. फलक लावून, भोंगा फिरवून एवढ्या जणी येत नाहीत. कुणीतरी दारात गेलं, बसलं, ऐकून घेतलं, तेव्हा त्या आल्या.

आणि ऐकून काय घ्यावं लागतं? सासू काय म्हणेल. तपासणारा पुरुष असेल का. मजुरी बुडेल. मूल कुणाजवळ ठेवू. कॅन्सरचं नाव घरात काढलं तर पोरीचं लग्न अडेल. आणि सगळ्यात खोल रुतलेलं: कळलंच तर करणार काय, त्यापेक्षा न कळलेलं बरं. ह्यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर माहितीपत्रकात नसतं. मूल कुणाजवळ ठेवायचं याचं उत्तर शेजारीण असते. तपासणारी बाईच असेल ह्याची आधी खात्री करून घेणं हे बोलावणाऱ्यांचं काम आहे. मजुरी बुडू नये म्हणून वेळ सकाळची ठेवायची की संध्याकाळची, हे त्या वस्तीतल्या बायकांना विचारूनच ठरवावं लागतं.

आता मला जे सांगायचं आहे ते. शिबिर झालं, इतक्या जणींची तपासणी झाली, फोटो निघाले. आपण तो आकडा सांगतो आणि काम झालं असं समजतो. पण तपासणीने कुणाचाही जीव वाचत नाही. जीव वाचतो तो तपासणीत काही आढळल्यावर पुढची तपासणी आणि उपचार झाले तर. आणि माणसं हातून निसटतात ती नेमकी ह्याच टप्प्यावर. रिपोर्ट आला, पण दिलेला फोन नंबर मुलाचा होता आणि मुलगा परगावी. रिपोर्ट मिळाला, पण पुढे कुठे जायचं ते लिहिलेलं नव्हतं. मोठ्या रुग्णालयात गेली, पण कुठल्या खिडकीवर उभं राहायचं कळेना, दिवस गेला, परत आली, पुन्हा गेली नाही. ह्या बाईची काळजी दुप्पट झाली आणि उपचार शून्य. तिच्या बाबतीत आपण मदतीऐवजी त्रासच दिला असं मी म्हणेन.

म्हणून शिबिर भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला, बचत गटाला, महाविद्यालयाला माझी कळकळीची विनंती आहे. तारीख ठरवण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. काही आढळलं तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात पाठवायचं. तिथे तिच्यासोबत कोण जाणार. आणि ती पोहोचली की नाही हे महिन्याभराने कोण विचारणार. ह्याची उत्तरं नसतील तर शिबिर पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही. पन्नास जणींना तपासून ज्या तिघी-चौघींना पुढे पाठवायचं त्या सगळ्या उपचारापर्यंत पोहोचल्या, तर ते पाचशे जणींच्या शिबिरापेक्षा मोठं काम आहे.

सोबत जाणाऱ्यांसाठी थोडं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू सापडला, एवढंच. आता पुढे नीट पाहायचं. हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण त्यानंतरचं तिला ऐकू येत नाही. दुसरं, हा विषाणू शरीरात कित्येक वर्षं गुपचूप राहू शकतो. तो कधी आणि कुणाकडून आला हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे त्या रिपोर्टवरून नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर संशय घ्यायला काहीही आधार नाही. ह्या एका गैरसमजापायी बायका रिपोर्ट लपवतात. आणि तिसरं, तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरतो, सुरी लागली की भडकतो, हे घराघरांत ऐकू येतं. तसं नाही. तुकडा तपासल्याशिवाय नेमका उपचार ठरवताच येत नाही.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं अपुरं राहील. प्रत्येक कॅन्सरसाठी सरसकट सगळ्यांची तपासणी फायद्याची नसते. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ ह्या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान सुमारे पंधरा पटींनी वाढलं. मृत्यू मात्र तेवढेच राहिले. आयुष्यभरात कधी त्रास दिला नसता अशा बारीक गाठींसाठी हजारो लोकांनी शस्त्रक्रिया सोसल्या. मुंबईच्या अभ्यासातही हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे मृत्यू कमी झाले ते पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत, सुमारे ३० टक्क्यांनी. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. म्हणून एका रक्ततपासणीत सगळे कॅन्सर, असं सांगून कुणी पॅकेज पुढे केलं तर आधी विचारा, ह्या तपासणीने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालंय का? गर्भाशयमुख, तोंड, स्तन आणि मोठं आतडं, ह्यांच्या बाबतीत योग्य वयात, योग्य माणसासाठी ह्याचं उत्तर हो असं आहे. वर्षानुवर्षं भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीत, कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचाही उपयोग सिद्ध झाला आहे. आणि ज्यांच्या घरात आई, बहीण, मावशी यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, त्यांनी सर्वसाधारण वेळापत्रकाची वाट न पाहता डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं.

त्रास असेल तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. गाठ, न भरणारी जखम, शौचातून रक्त, पाळी बंद झाल्यावरचा रक्तस्राव, ह्यातलं काही असेल तर शिबिरासाठी थांबायचं नाही, थेट डॉक्टरांना दाखवायचं. मागच्या वेळचा रिपोर्ट चांगला आला होता म्हणून आताचं लक्षण सोडून द्यायचं नाही.

आणि ज्या बहिणींनी जायचं ठरवलं आहे त्यांच्यासाठी: गर्भाशयमुखाची तपासणी पाळीचे दिवस सोडून करा. जाताना जुने कागद असतील तर सोबत न्या. फोन नंबर स्वतःचा द्या, नसेल तर जिच्यावर भरवसा आहे अशा मैत्रिणीचा द्या. निघण्यापूर्वी विचारा, रिपोर्ट कधी मिळेल, कोण देईल, आणि त्या दिवसापर्यंत निरोप आला नाही तर मी कुणाला भेटू. ते नाव कागदावर लिहून घ्या. त्या दिवसापर्यंत निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका, दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा.

नमस्कार.